जुन्या बुलेटवर डिजिटल मीटर: उन्हाळाभराच्या नोंदी

5 एप्रिल

गाडी बुलेट स्टँडर्ड 350, 1996 ची. बिडाचा सिलिंडर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (उघडझाप करणाऱ्या दोन संपर्कांनी ठिणगी पाडणारी जुनी पद्धत), 12 व्होल्ट. कॅस्केटमध्ये, म्हणजे हेडलाइटभोवतीच्या कवचात, कंपनीचा स्पीडोमीटर आणि शेजारी अँपिअर मीटर. यापलीकडे ही गाडी चालवणाऱ्याला आकड्यांत काही सांगत नाही.

मला हवाय तो मुख्य आकडा तेलाच्या तापमानाचा. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते. तो विक्रम बाजूला ठेवला तरी दरवर्षी मे महिन्यात पारा 44-45 वर बसलेला असतो. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला इथं थंड करायला येते ती हवाच अशी. दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात सिग्नलला उभं असताना आत तेल 100 अंशांवर आहे की 130 वर, हे अंदाजानं कळत नाही. मिस्त्रीकाका आवाजावरून सांगतात आणि त्यांचा कान खरा आहे. पण तो कान माझ्याजवळ रस्त्यावर नसतो.

तैवानच्या कोसो आणि एसवेल या मीटरांची माहितीपत्रकं आधी नीट वाचली. त्याच धर्तीचा, कुठल्याही गाडीला बसणारा एक साधा मीटर घेतला. वेग, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), तापमान, बॅटरीचं व्होल्टेज आणि पेट्रोल अशा पाच मुख्य गोष्टी तो दाखवतो. पेट्रोलची वायर मी जोडणार नाही. बुलेटच्या टाकीत सेंडर (पातळी कळवणारा सेन्सर) नाही, त्यासाठी टाकी कापावी लागेल, आणि रिझर्व्हचा कॉक आपलं काम चोख करतो.

कंपनीचा स्पीडोमीटर, त्याची केबल आणि त्यावरचे किलोमीटर यांना हात लावायचा नाही हेही ठरलं. गाडी किती चालली याचा तो मूळ पुरावा आहे.

9 एप्रिल

हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या भाऊंकडे गेलो. कामं दोन: हँडलच्या क्लॅम्पवर बसणारी 3 मिमी अॅल्युमिनियमची पट्टी, आणि तेलाच्या डिपस्टिकच्या झाकणात सेन्सरसाठी भोक पाडून आटे.

तापमानाचा सेन्सर कुठं बसवायचा यावर बराच विचार केला होता. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याचं, तापमान लगेच सांगतो, पण तिथं पारा सहज 200 च्या आसपास जातो आणि माझ्या मीटरबरोबर आलेला थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर) तेवढ्यासाठी बनलेलाच नाही. तिथं थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) लागतं. ड्रेन प्लगमध्ये बसवला तर वायर इंजिनाच्या पोटाखाली येते आणि गिट्टी उडाली की तुटते. डिपस्टिकच्या जागी सेन्सर थेट तेलात बुडतो, वायर वर राहते, आणि नको झालं तर मूळ झाकण परत लावता येतं. म्हणून तीच जागा.

भाऊंनी झाकण हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, "आटे देऊन देतो, पण खाली तांब्याचं वॉशर टाकजा. नाही तर तेल झिरपून राहीन." टाकलं. अजून एक थेंब बाहेर आलेला नाही.

12 एप्रिल

वायरिंग. बॅटरीवरून कायमची लाल वायर घड्याळ आणि स्मृतीसाठी, किल्लीनंतरची दुसरी वायर मीटर चालू होण्यासाठी, दोन्हींवर 1 अँपिअरचे वेगळे फ्यूज. मीटर काही मिलिअँपिअर खातो, त्यामुळे छोटा फ्यूज पुरतो. मीटरमध्ये शॉर्ट झालं तर तेवढाच फ्यूज जाईल, गाडी रस्त्यात बंद पडणार नाही. प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवलं. वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड नागपूरच्या उन्हात टिकत नाही, गोंद वितळून टेप सरकतो.

माझ्या गाडीत हेडलाइट थेट अल्टरनेटरच्या एसीवर चालतो. अशी गाडी असेल तर मीटरची बॅकलाइट हेडलाइटच्या वायरवरून कधीच घेऊ नये. मीटरला डीसीच द्यायचा.

आरपीएमची वायर माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे प्लगच्या एचटी (उच्च दाबाच्या) वायरला वेढे देऊन बसवली. गाडी चालू केली. आयडलला आकडा 500, मग 1700, मग 480, मग थेट 3400. थ्रॉटलला हातही नव्हता.

13 एप्रिल

आकडा नाचतो तेव्हा आधी शोधायचं की दोष मीटरमध्ये आहे की त्याच्याकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये. त्यासाठी मीटरला अशी गोष्ट मोजायला द्यावी लागते जिचं उत्तर आधीच माहीत आहे.

तशी एक गोष्ट प्रत्येक घरात आहे. भिंतीतल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते आणि आपल्या ग्रिडमध्ये ती या आकड्याच्या अगदी जवळ राखली जाते. जुना 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, पुढं एक डायोड लावला म्हणजे फक्त अर्धी लाट मिळते, आणि 10 किलोओमच्या रेझिस्टरमधून ती मीटरच्या आरपीएम वायरला दिली. सेकंदाला 50 ठोके, म्हणजे मिनिटाला 3000. (हे ट्रान्सफॉर्मरशिवाय करायचं नाही. घरातली वीज थेट मीटरला लावली तर मीटर जाईल आणि माणूसही.)

मीटर 3000 वर दगडासारखा स्थिर राहिला. मेनूत "दोन फेऱ्यांना एक ठोका" निवडल्यावर 6000. म्हणजे आतलं गणित बरोबर आहे आणि गोंधळ गाडीतून येतो आहे.

ही निवड बुलेटसाठी महत्त्वाची आहे. पॉइंटच्या जुन्या बुलेटमध्ये पॉइंटचा कॅम क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच स्पार्क पडतो. बऱ्याच नव्या सिंगल सिलिंडर गाड्यांत पिकअप (ठिणगीची वेळ कळवणारा सेन्सर) क्रँकवर असतो आणि दर फेरीला स्पार्क पडतो, एक वाया जातो. मीटर कारखान्यातून त्या हिशोबानं येतो. म्हणून काल आयडलला अधूनमधून दिसणारा 500 हा खरा 1000 होता.

16 एप्रिल

महाल भागातल्या मिस्त्रीकाकांकडे. मी एचटी वायरबद्दल बोलत होतो, त्यांनी मध्येच थांबवलं. "भाऊ, वायरी मागून बदला. पॉइंट कसे होऊन राहिले ते पाह्यलं का?"

पाहिले. एका पॉइंटवर बारीक टेकडी आणि समोरच्यावर खड्डा. काकांनी दोन्ही घासून सपाट केले, कॅमच्या फेल्टला ग्रीसचा पुसट हात दिला आणि गॅप फीलरनं 0.38 मिमी लावला. (बुलेटला 0.35 ते 0.40 चालतो.) कंडेन्सरही नवा टाकला. आकड्याचं नाचणं निम्म्यानं कमी झालं. काका मीटरकडे पाहत म्हणाले, "आता हे खरं बोलून राहिलं." पूर्ण खरं नव्हतं, पण सर्वात मोठा दोष त्यांनी एका वाक्यात पकडला होता.

उरलेला भाग असा. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलच्या प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, आणि तो एकदाच येऊन थांबत नाही; काही हजार हर्ट्झनं थरथरत विरतो. मीटरला ती थरथर म्हणजे वेगवेगळे ठोके वाटतात. वेढ्यांच्या वायरमध्ये तर याशिवाय प्लगच्या ठिणगीचा रेडिओ गोंगाटही मिसळतो.

घरी येऊन वेढे काढून टाकले. आरपीएमची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला नेली, पण मध्ये गाळणी ठेवून: 10 किलोओमचा अर्धा वॅट रेझिस्टर, आणि त्यापुढे अर्थला 0.047 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, 400 व्होल्टचा. ही जोडी साधारण 340 हर्ट्झच्या वरचं सगळं दाबते. बुलेट 5000 आरपीएमला गेली तरी ठोके सेकंदाला 42 च्या आतच, त्यामुळे कामाचा सिग्नल सुखरूप पार होतो. रेझिस्टर आणि कपॅसिटर सीताबर्डीत चिल्लरमध्ये मिळाले. प्लगची कॅप 5 किलोओम रेझिस्टरची बसवली.

आयडल 1010, 1020, 1010. थ्रॉटल दिला की आकडा चढतो, सोडला की उतरतो, मध्ये उडी नाही.

17 एप्रिल

आरपीएमची दुसऱ्या वाटेनं तपासणी. फोन सायलेन्सरपासून हातभर दूर ठेवून आयडलचा आवाज रेकॉर्ड केला आणि संगणकावर लाटा मोजल्या. चार स्ट्रोकचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धडकतो. दहा सेकंदांत 85 धडका, म्हणजे मिनिटाला 510, म्हणजे 1020 आरपीएम. मीटरही तेच म्हणतो. आरपीएमचं काम इथं संपलं.

20 एप्रिल

वेगाचा सेन्सर. पुढच्या चाकाच्या हबजवळ चुंबक, फोर्कच्या पायावर पट्टीनं हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की ठोका देणारा), मधलं अंतर 2 मिमी. चुंबक ड्रमच्या उलट बाजूला बसवले. साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर गेले की जोर गमावू लागतात, आणि उन्हाळ्यात ब्रेक मारून मारून तापलेला ड्रम त्यांच्या शेजारी नको.

चुंबक दोन ठेवले, समोरासमोर. एकच असता तर ताशी 10 किलोमीटरला मीटरला पुढची खबर मिळायला पाऊण सेकंद लागला असता आणि गर्दीत आकडा अडखळत चालला असता. दोन ठेवल्यानं तो वेळ निम्मा होतो, शिवाय चाकाचा तोलही राहतो.

परीघ. पुढचा टायर 3.25-19. कागदावरचं गणित 2035 मिमी देतं, पण माणूस बसल्यावर टायर दबतो आणि चाक प्रत्यक्षात त्याहून कमी अंतर कापतं. हवा सकाळी, टायर थंड असताना 18 पीएसआय केली. अंगणातल्या फरशीवर खडूनं खूण केली, मी सीटवर बसलो आणि पुतण्यानं गाडी सरळ रेषेत ढकलली. तीन फेऱ्यांचं अंतर 5985 मिमी, म्हणजे एका फेरीला 1995. मीटरमध्ये सध्या हेच.

26 एप्रिल

पहाटे वर्धा रोड. समृद्धी महामार्ग सरळसोट आणि मोकळा आहे, पण तिथं दुचाकीला परवानगी नाही. वर्धा रोडवरही अजनीपासून विमानतळापर्यंतचा भाग या कामाला निरुपयोगी आहे. तिथं 3.14 किलोमीटरचा तो विक्रमी दुमजली पूल आहे, डोक्यावरून मेट्रो जाते आणि खालच्या मजल्यावर फोनला आकाशच दिसत नाही. जीपीएस तिथं काहीही सांगतो. म्हणून मोजणी जामठ्याचं स्टेडियम मागं पडल्यावर सुरू केली आणि बुटीबोरी ओलांडून जाम गावाच्या दिशेनं नेली.

वेगाच्या आकड्यावर मीटर जुळवायचा मोह होतो, पण जीपीएसचा वेग फोनवर जरा उशिरा येतो आणि हातातला थ्रॉटल कधीच पूर्ण स्थिर नसतो. अंतर अधिक भरवशाचं. जितकं लांब, तितकी चूक पातळ होत जाते. जीपीएसवर 20.0 किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर 20.2 होते. 1995 ला 20.0 नं गुणून 20.2 नं भागलं की 1975 येतात.

महामार्गावरचे किलोमीटरचे दगडही सोबत वाचत गेलो. बहुतेक जुळले. काही ठिकाणी रस्ता रुंद करताना दगड हलले असावेत असं वाटलं, म्हणून हिशोब जीपीएसवरच ठेवला.

मीटरमध्ये 1975 ऐवजी 1985 ठेवले. स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, हा त्याचा पहिला नियम. अर्धा टक्का जास्त दाखवला तर कोणाचं काही बिघडत नाही. याच कारणानं कंपनीचे स्पीडोमीटर मुद्दाम थोडे पुढं धावतात: जीपीएसवर 60 असताना माझा जुना काटा 66 वर होता. इतकी वर्षं मी 70 समजत होतो तो वेग 63-64 चा होता.

परतताना ऊन चढलं होतं. घरी आल्याबरोबर पुढच्या टायरची हवा तपासली तर 21 पीएसआय. गरम टायरची हवा पाहून ती कमी करू नये, ती वाढ तापमानाची असते.

1 मे

आज तापमान. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायचं ठरवलं होतं.

पहिला बिंदू शून्याचा. आरओच्या पाण्याचा बर्फ कुटून त्यात तसंच थंड पाणी घातलं, भुगा आणि पाणी सारखं होईपर्यंत ढवळलं. नुसता बर्फाचा तुकडा सेन्सरला टेकवून भागत नाही. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. वितळता बर्फ आणि पाणी एकत्र असतील तरच शून्य. मल्टिमीटरवर सेन्सरचा रोध सुमारे 33 किलोओम, मीटरवर 1 अंश.

दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा, आणि इथं नागपूरची उंची हिशोबात घ्यावी लागते. झिरो माइलचा खांब 1907 चा आहे आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट दिलेली आहे, म्हणजे 311 मीटर. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास एक अंशानं उतरतो. म्हणून नागपुरात पाणी 100 ला नाही, 99 ला उकळतं. शंभर धरून मीटर जुळवला तर पहिल्याच पायरीला एका अंशाची चूक पदरी पडते. पातेल्याच्या तळाला न टेकवता सेन्सर मध्यावर लोंबत ठेवला. रोध 720 ओम, मीटरवर 97.

तिसरा बिंदू तेलाचा, कारण मला काळजी 100 च्या वरची आहे. जुन्या कढईत 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल, अंगणात शेगडीवर, शेजारी वाळूची बादली. मल्टिमीटरचं के-टाइप थर्मोकपल आणि सेन्सर दोऱ्यानं एकत्र बांधून मधोमध सोडले. थर्मोकपलही आधी त्याच उकळत्या पाण्यात तपासून घेतलं होतं, ते 99 म्हणालं. तेल 120 वर असताना मीटर 117.

मीटरच्या मेनूत थोड्या अंशांची दुरुस्ती देता येते. मी 2 अंश वाढवले. आता 99 ला 99 आणि 120 ला 119 दिसतात. बर्फात 3 दिसतील, पण नागपुरात तेल शून्याला कधीच जाणार नाही. जिथं बघायचं तिथं आकडा बरोबर असला म्हणजे झालं.

4 मे

सेन्सर गाडीवर बसवला आणि संध्याकाळी धरमपेठेतून फिरून आलो. इंडिकेटर दिला की तापमान तीन-चार अंशांनी वर जातं आणि त्याच्या टिकटिकीबरोबर आकडा हलतो. तेल असं सेकंदागणिक तापत नाही आणि निवतही नाही. हा विजेचा खेळ आहे.

याची उकल मला फार आवडली म्हणून सविस्तर लिहितो. सेन्सरला एकच वायर आहे. परतीचा रस्ता इंजिनाच्या धातूतून. मीटरची काळी वायर माहितीपत्रकाप्रमाणे चासीला, म्हणजे कॅस्केटमधल्या अर्थच्या जोडावर होती. त्याच जोडातून इंडिकेटरचा दीड-पावणेदोन अँपिअर परत जातो. तिथला थोडासा रोध इतक्या प्रवाहाला पुरतो: मल्टिमीटर लावला तर इंडिकेटर पेटला की कॅस्केट आणि इंजिन यांच्यात 20 मिलिव्होल्टचा फरक दिसतो.

20 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण थर्मिस्टरचा रोध तापमानाबरोबर कोसळत जातो. बर्फात 33 हजार ओम असलेला सेन्सर 120 अंशांना 400 च्या आसपास येतो, आणि मीटर त्यावर जे व्होल्टेज वाचतो तेही व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या हिश्शावर उतरतं. त्यात 20 मिलिव्होल्टची भर किंवा घट म्हणजे तीन-चार अंश. थंड इंजिनावर हाच दोष दिसतही नाही. गंजलेल्या जोडाचंही तसंच: 10 ओमचा वाईट जोड 25 अंशांना काहीच फरक पाडत नाही आणि 120 ला एक अंश खातो. थंड गाडीवर तापमान बरोबर दिसतं म्हणून वायरिंग चांगलं आहे असं समजू नये.

मीटरची काळी वायर कॅस्केटमधून सोडवून स्वतंत्र नेली आणि थेट इंजिनाच्या बोल्टवर, सेन्सरच्या जवळ बसवली. खालचा रंग घासून धातू उघडा केला, दातेरी वॉशर टाकलं. आता इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न सगळं एकदम दाबलं तरी तापमान जागचं हलत नाही.

11 मे

दुपारी कामाच्या ठिकाणी गाडी तासभर उन्हात होती. परत आलो तर पडदा पूर्ण काळा, एकही आकडा नाही. एलसीडीच्या आतला द्रव एका तापमानापलीकडे आपली रचना सोडतो आणि पडदा काळा पडतो; थंड झाला की आकडे परत येतात. सावलीत दहा मिनिटांत आले. पण हे रोज घडणं पडद्याला चांगलं नाही. उभ्या गाडीवर आता मीटरला पांढऱ्या सुती दुपट्ट्याची घडी बांधतो, आणि वरून पत्र्याचं छोटं छज्जं बसवलं आहे. छज्ज्यामुळे दुपारी आकडेही नीट वाचता येतात, हा फायदा मोठा.

18 मे

आता खरी माहिती मिळू लागली आहे.

पहाटे सहाला, सावलीत 30 अंश असताना, वर्धा रोडवर 60 च्या स्थिर वेगाला तेल 88 वर थांबलं. दुपारी 44 असताना त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला 104. पहिल्यात बाहेरच्या हवेपेक्षा 58 अंश वर, दुसऱ्यात 60. म्हणजे या वेगाला माझं इंजिन तेलाला हवेच्या वर साठेक अंशांवर नेऊन ठेवतं, हवा कशीही असो. एवढं कळलं की डिसेंबरच्या थंडीतला आकडाही आधीच सांगता येतो.

75-80 नं गेलो तर दुपारी 113. शहरात व्हरायटी चौकातून सदरकडे, सिग्नलमागून सिग्नल, 116 आणि चढतच होता. सिलिंडरवरच्या धातूच्या पंखांवरून वाहणारी हवाच नसेल तर कमी वेगही इंजिनाला तापवतो.

सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की 80 वरून 65 वर आलं की दहाएक मिनिटांत तेल आठ अंशांनी उतरतं. थांबायची गरजही पडत नाही. 20डब्ल्यू-50 तेल 100 अंशांना 16.3 ते 21.9 सेंटिस्टोक जाडीचं असतं, आणि त्यापुढं ते पातळ होत जातं, लवकर जळतंही. मी स्वतःपुरती रेघ 120 वर ओढली आहे. 115 दिसलं की वेग कमी, 120 ला सावली बघून थांबायचं.

एक मर्यादाही लक्षात ठेवायची आहे. तेल संथ असतं. सिग्नलला उभं राहिल्यावर हेड आधी तापतं, तेलाचा आकडा मागाहून येतो. चढावर इंजिन खडखडू लागलं तर मीटर 105 दाखवत असला तरी कानाचंच ऐकायचं.

27 मे

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. मीटरमध्ये हवेचं तापमान दाखवायचीही सोय आहे. उन्हात तो 53 म्हणतो. तो आकडा मी बघतच नाही. सेन्सर काळ्या खोक्याच्या आत, उन्हात, इंजिनाच्या वर बसलेला आहे. तो हवेचं तापमान सांगूच शकत नाही. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्यानं तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. मी हवेचं तापमान सावलीत टांगलेल्या साध्या थर्मामीटरवर घेतो.

व्होल्टेज: चालत्या गाडीत 14.1, आयडलला 12.6 च्या आसपास. अँपिअर मीटरचा काटा जेव्हा शून्याच्या डावीकडे झुकतो तेव्हा इथंही आकडा उतरतो. दोघांचं पटतं.

मिस्त्रीकाकांना एक चक्कर मारायला गाडी दिली. परत येऊन त्यांनी इंजिनाच्या कव्हरजवळ तळहात धरला, थोडं थांबले, म्हणाले, "एकशे दहाच्या आसपास आहे." मीटरवर 109 होते. मग त्यांनी इंडिकेटर लावून बघितला, हॉर्न दाबून बघितला, आणि विचारलं, "हे काळ्या वायरीचं कसं केलं ते मले दाखवा. दुसऱ्या एका गाडीत हाच ताप होऊन राहिला." टाकीचे बोल्ट सोडून दाखवलं.

15 जून

पहिला जोराचा पाऊस. वेगाच्या सेन्सरचा कपलर फोर्कजवळ असल्यानं त्याच्यावर चाकाचं पाणी थेट येतं. त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून तोंड खाली केलं, आणि वायरला कपलरच्या आधी खाली एक झोल दिला म्हणजे ओघळ तिथूनच गळून जाईल. मीटरच्या मागं श्वासासाठी बारीक भोक आहे, ते बुजवायचं नाही. बुजवलं तर आतली वाफ काचेवर धरते. मीटर थोडा कलता केला, भोक खाली आलं.

ओल्या रस्त्यावर अंबाझरीपर्यंत जाऊन आलो. हवा 29 अंश, तेल 91. सगळे आकडे जागेवर.

चालू सेटिंग कागदावर लिहून तो टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला: परीघ 1985, चुंबक 2, दोन फेऱ्यांना एक ठोका, तापमान +2. पुढचा टायर अर्धा झिजलेला आहे. दिवाळीच्या आसपास नवा टाकीन, तेव्हा परीघ फरशीवर पुन्हा मोजून वर्धा रोडची 20 किलोमीटरची मोजणी परत करायची आहे.